दोन मिनिटांचा कॉल आणि मुलांचा मेंदू

लहान मूल फोनवर दोन मिनिटं बोललं की त्याचा मेंदू पुढे तासभर ताळ्यावर येत नाही, असा एक मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय, तुमच्याकडे पण आला असेलच. आता यात खरं किती ते बघू.

फोनच्या लहरी एक्स-रे सारख्या नसतात, डीएनए तोडायची ताकदच नाही त्यांच्यात. नक्की माहीत असलेला परिणाम एकच, शरीराचा तेवढा भाग किंचित गरम होतो. म्हणून तर एसएआरची, म्हणजे शरीर फोनची किती एनर्जी शोषतं त्या मापाची लिमिट असते, किलोमागे 1.6 किंवा 2 वॅट, देशादेशाप्रमाणे.

पण मुलांचं गणित जरा वेगळं आहे. कवटी पातळ, डोकं छोटं, त्यामुळे तोच फोन कानाला लावला तर मुलाच्या मेंदूत मोठ्या माणसापेक्षा साधारण दुप्पट एनर्जी शोषली जाते आणि कवटीच्या हाडातल्या मज्जेत (बोन मॅरो) तर दहापटीपर्यंत, म्हणजे काळजी अगदीच हवेतली नाहीये.

2011 मध्ये अमेरिकेत 47 जणांच्या कानाला 50 मिनिटं चालू फोन लावून ठेवला, आवाज बंद, आणि मेंदूचा पेट स्कॅन काढला. अँटेनाजवळच्या भागात ग्लुकोजचा वापर जवळपास 7 टक्क्यांनी वाढलेला दिसला! आता हे चांगलं की वाईट ते मात्र त्यातून कळलं नाही, आणि मुख्य म्हणजे ती सगळी मोठी माणसं होती, हे मेसेज पाठवणारे सांगत नाहीत.

कॅन्सरचं म्हणाल तर त्याच वर्षी डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने या लहरींना 2बी गटात टाकलं, म्हणजे 'शक्यता आहे' एवढंच. (कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे बरं का.) नंतर 14 देशांत 10 ते 24 वयाच्या मुलामुलींवर मोबी-किड्स नावाचा अभ्यास झाला, त्यात फोनमुळे ब्रेन ट्यूमर वाढल्याचं दिसलं नाही.

आणि खरं सांगू का, आजकाल मुलं फोन कानाला लावतात कुठे, तो डोळ्यासमोर असतो, आणि अंतर वाढलं की रेडिएशन झपाट्याने कमी होतं. रात्री उशिरापर्यंत स्क्रीन बघून झोपेची वाट लागते ना, मला तरी तीच काळजी मोठी वाटते.

तरी कॉल असेल तर स्पीकर लावा, रेंजची एकच दांडी असेल तेव्हा लांबलचक बोलणं नको कारण तेव्हा फोन जास्त पॉवर मारतो, आणि कार्टून आधीच डाउनलोड करून एअरप्लेन मोडवर, वायफाय-ब्लूटूथही बंद करून दिलं तर मुलाच्या हातातला फोन लहरी सोडतच नाही.