ठिबकने टनेज वाढलं का?

(कोल्हापुरात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, मूल्यमापन म्हटलं की लोकांना ऑडिट आठवतं. ऑडिट विचारतं, पैसा नियमाने खर्चला का? मूल्यमापन विचारतं, तो खर्चलाच नसता तर काय झालं असतं? हे 'नसता तर' कुठल्या सातबाऱ्यावर सापडत नाही. ते उभं करणं, हीच सरकारी अर्थतज्ज्ञाची नोकरी.

वाट थोडक्यात सांगतो. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. सहा पेपर, १००० गुण, वर मुलाखत २०० गुणांची. सुरुवात सहाय्यक संचालक म्हणून. केंद्रात मूल्यमापनाची यंत्रणा १९५२ची, समूह विकास कार्यक्रमाबरोबरच आलेली; २०१५पासून ते काम नीती आयोगाखालच्या कार्यालयाकडे आहे. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. वर चढाल तसं मोजणं कमी होतं आणि मोजून घेणं वाढतं. सर्वेक्षण निविदेतली एजन्सी करते. तुम्ही तिची कार्यकक्षा लिहिता. तिथे चुकलात की पुढचं सगळं चुकलं.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. उसाला ठिबक, त्याला अनुदान. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५. फायदा झाला का? ठिबकवाल्याचं टनेज, म्हणजे उसाचं एकरी उत्पादन, शेजारच्या पाटपाण्यावाल्याशी ताडलं, तर उत्तर छान येतं आणि खोटं असतं. संच आधी पदरच्या पैशाने बसवायचा, अनुदान मागून खात्यावर. म्हणजे ज्याच्या हातात पैसा आहे तोच पुढे येतो. त्याचं खत, बेणं, मशागत आधीपासूनच बरी असते.

मग तुलना कोणाशी? ज्या वर्षी निवड सोडतीने झाली, त्या वर्षी अर्ज करूनही नंबर न लागलेल्यांशी, शक्यतो त्याच गावातल्या. शिरोळमधला नदीकाठ आणि माळ एकत्र केलात, तर २०१९चा महापूर ठिबकच्या खात्यावर पडेल. आणखी एक: नंबर लागूनही संच न बसवलेल्यांना वगळायचं नाही. वगळलंत की पैसेवाल्यांचीच निवड मागच्या दाराने परत आली.

नमुना किती? पुस्तकात ३८४ सापडतो: ९५ टक्के विश्वास, पाच टक्के चूक. पण तो सुटे शेतकरी उचलले तरचा, आणि तोही एका टक्केवारीचा अंदाज घ्यायला. गावं निवडून प्रत्येक गावात २० घरं घेतलीत, तर एकाच गावातली घरं एकमेकांसारखीच निघतात. हे साम्य ०.०५ धरलं तर गुणक १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५. ३८४ला त्याने गुणा: लागतील ७४९ घरं, ३८ गावांतून. गावात दहाच घेतलीत तर ५५७ पुरतात, पण गावं ५६ होतात आणि जीपचं डिझेल वाढतं. दोन गटांतला फरक पकडायचा असेल तर गणित वेगळं आणि आकडा बहुधा मोठा.

आता टनेज. 'एकरी किती?' एवढंच विचारू नका. समजा, आडसाली (पावसाळ्यात लावलेला) ऊस १७ महिन्यांत ६० टन पडला आणि 'सुरू' (हिवाळ्याअखेर लावलेला) १२ महिन्यांत ४५. आडसाली जिंकला असं वाटतं. महिन्याला भागा: ३.५ आणि ३.७५. खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, तर वेगळाच मोजायचा. आकडा तोंडी नको, कारखान्याची वजनपावती बघा. पावती थोरल्याच्या नावाने आणि ऊस तिघा भावांचा, हे नेहमीचं. म्हणून क्षेत्र गुंठ्यात, प्लॉटवार लिहा.

पाण्याचं तर विचारू नका. मोटारीला मीटर क्वचितच. पाणीपुरवठा संस्थेची आकारणी बहुधा एकरी, म्हणजे वाचलेल्या पाण्याने बिल उतरत नाही. उलट त्याच पाण्यावर आणखी दहा गुंठे उसाची लागण होते. तेव्हा प्रश्नावलीत पंपाचे तास आणि उसाखालचं एकूण क्षेत्र, दोन्ही हवं.

निविदेत दोन ओळी विसरू नका: दहा टक्के घरांची फेरतपासणी दुसऱ्या माणसाकडून, आणि पावत्यांच्या फोटोंसह कच्चा डेटा हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. नुसती नीटनेटकी एक्सेल फाईल आली आणि एकही रकाना रिकामा नसला, तर आधी तीच तपासा.