साहेब उठले की पडदा काळा

नमस्कार श्रोते हो.

आजचं दुखणं तुमच्या ओळखीचं आहे. कॉम्प्युटर चालू केला, आतला पंखा घुमायला लागला आणि मॉनिटर मात्र काळा ठिक्कर. एका तालुक्याच्या गावात गेली २४ वर्षं माझं दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी शटर वर करायच्या आत जो फोन येतो, तो बहुतेक वेळा याच वाक्यानं सुरू होतो : "अहो, स्क्रीनच येईना." मी विचारतो, "मॉनिटरचा दिवा कुठल्या रंगाचा आहे?" पलीकडे शांतता. मग हळूच, "दिवा? कुठला दिवा?"

तर पहिली गोष्ट तीच. मॉनिटरच्या खालच्या कडेला एक बारीक दिवा असतो, तो बघा. दिवा अजिबात लागलेला नसेल, तर मॉनिटरला वीजच पोचत नाहीये. भिंतीवरचं बटण, एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण, मॉनिटरच्या मागे खुपसलेली पिन आणि मॉनिटरचं स्वतःचं बटण, एवढी चार ठिकाणं तपासा. हसू नका. टेबलाखाली झाडू फिरला की ती मागची पिन अर्धी बाहेर येते आणि दिसायला मात्र आतच दिसते. तिला नुसतं बघू नका, हातानं दाबा.

दिवा नारिंगी असेल किंवा उघडझाप करत असेल, तर मॉनिटर जिवंत आहे, फक्त झोपलाय. त्याच्याकडे चित्र येतच नाहीये. रंग कंपनीगणिक थोडे बदलतात, पण नारिंगी म्हणजे झोप हे बहुतेकांचं सारखं. दिवा निळा, हिरवा किंवा पांढरा आहे आणि तरी पडदा काळा, हे तिसरं प्रकरण. त्याच्याकडे शेवटी येतो.

आता दोष मॉनिटरचा की डब्याचा? डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली एक चिप, पण ही लढाई मी दहा वर्षांपूर्वीच सोडून दिली. तर मॉनिटर चालू ठेवा आणि त्याच्या मागची चित्राची वायर काढा. विजेची नाही हं, चित्राची. मॉनिटरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. पडद्यावर 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' अशी अक्षरं तरंगली, तर मॉनिटर ठणठणीत आहे. पुन्हा सांगतो : वायर काढल्यावर अक्षरं दिसली, तर मॉनिटर चांगला. काही मॉनिटर दोन-चार सेकंदच अक्षरं दाखवतात आणि पुन्हा झोपतात, म्हणून तेवढा वेळ मोबाइल खाली ठेवा. आणि ही अक्षरं इंग्रजीतच का असतात, हे मला कोडं आहे. 'सिग्नल नाही' एवढं मराठीत लिहायला किती जागा लागते? आजवर एकाही मॉनिटरनं मला मराठीत तक्रार सांगितलेली नाही.

मॉनिटर चांगला ठरला की वायरीकडे वळा. निळ्या टोकाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली ती व्हीजीए. १९८७ सालची ही तऱ्हा, अजून सरकारी कचेऱ्यांतून जोमात आहे. तिच्यात १५ पिना. एखादी वाकलेली आहे का ते उजेडात धरून बघा आणि स्क्रू आवळा, कारण ते शोभेला दिलेले नसतात. चपट्या टोकाची ती एचडीएमआय. तिला स्क्रू नाही, त्यामुळे ती आपल्याच वजनानं सैल होते. वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. दोन्ही टोकांना, बरं का.

ज्यांच्या मुलांनी गेम खेळायला ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलंय, त्यांनी डब्याच्या मागे बघावं. तिथे चित्राची भोकं दोन ठिकाणी असतात, वर मदरबोर्डची, म्हणजे डब्यातल्या मुख्य सर्किट बोर्डाची, आणि खाली आडव्या खाचेत कार्डाची. वायर कार्डात पाहिजे. वरच्या भोकात घातलीत तर बहुतेक वेळा अंधार. मॉनिटरलाही दोन-तीन तोंडं असतील तर त्याच्या बटणानं बरोबर तोंड निवडा. दिवा बघा, मग वायर बघा. दिवा, मग वायर. दुकानात पाऊल टाकण्याआधी एवढं झालंच पाहिजे. कारण काही ठिकाणी तुमचा डबा उघडायच्या आतच "मदरबोर्ड गेला" असं सांगतात. नाडी न बघता ऑपरेशन सुचवणाऱ्यांपासून सावध राहा.

आता खुर्चीची गोष्ट. मला बोलावलं तेव्हाच अट घातली होती की खुर्चीची गोष्ट लांबवायची नाही. बघू.

एक पतसंस्था. गाव सांगत नाही. जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि दिवाळीनंतर नवे आले. नव्या साहेबांसाठी संचालकांनी नवी खुर्ची घेतली. फिरती, उंच पाठीची, बाजूचा दांडा ओढला की फुस्स करून खालीवर होणारी. जुन्यांनी सगळी नोकरी वेताच्या लाकडी खुर्चीत काढली होती. माझं विचाराल तर वेताची खुर्चीच उत्तम, पाठीला वारा लागतो आणि माणूस फार वेळ पेंगत नाही. पण तो वेगळा विषय.

पंधरा दिवसांत फोन. "साहेबांची स्क्रीन जाते आणि आपोआप येते." चालता चालता काळी होते, दोन-तीन सेकंदांनी परत. गेलो. साहेब म्हणाले, "तुम्ही बसा इथं, स्वतःच बघा." मी तासभर साहेबांच्या खुर्चीत बसून पडद्याकडे टक लावली. काही म्हणजे काही झालं नाही. डॉक्टर समोर आला की दात दुखायचा थांबतो, तसं. मग उठलो, पाठ फिरवली, चहा घेतला, निघालो. मी बसून राहिलो होतो आणि उठल्यावर पडद्याकडे बघितलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या खेपेला मी दुसरा मॉनिटर लावून दिला. दोन दिवसांनी तेच. मग एसएमपीएस बदलला. म्हणजे डब्यातला तो वीज वाटणारा खोका. तरी तेच. एव्हाना संस्थेत वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. कॅशियर मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमची मशीन चांगलीच आहे हो. साहेबांचा पायगुण." जुन्या साहेबांच्या वेळी एकदा तरी गेली होती का स्क्रीन? नव्हती. पुढच्या शनिवारी कपाटाच्या कडीला लिंबू-मिरची लटकली. साहेब जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका, झालेले, शिकले-सवरलेले. आधी हसले. नंतर हसायचे थांबले. मार्च जवळ येत होता, वसुलीही थोडी ढिली होती, आणि कर्जदार हप्ता चुकवो की स्क्रीन जावो, सगळं खापर एकाच माणसाच्या पायावर.

चौथ्यांदा गेलो तो फेब्रुवारी. हवा कोरडी, ओठ फुटलेले. साहेब आत कोणाशी तरी बोलत होते, म्हणून मी बाकावर शिपायाशेजारी बसलो. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामा पान लावत म्हणाले, "साहेब चार दिस रजेवर हुते. तवा एकदाबी गेली न्हाई." मी कान टवकारले. "आन् आल्यावर?" "बसल्यात तवर ऱ्हातीया. कुनाला भेटाया उठले की जाती." तीन खेपा मारून मला जे कळलं नव्हतं, ते मामांनी दारातल्या स्टुलावरून पाहून ठेवलं होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आत गेलो आणि म्हटलं, "साहेब, जरा उभे राहता?" साहेब उठले. पडदा काळा. तीन सेकंदांनी आला. "बसा. उठा." पुन्हा काळा. तिसऱ्यांदा गेला नाही, चौथ्यांदा गेला. तोवर काउंटर सोडून सगळा स्टाफ दारात जमा. कॅशियरच्या चेहऱ्यावर 'सांगितलं नव्हतं?' असं लिहिलेलं. साहेबांचा चेहरा मात्र बघवत नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही मनात आलं, खरंच पायगुण असेल का?

मग म्हटलं, "मामा, तुम्ही बसा." मामा दोन पावलं मागे सरले. "त्या खुर्चीत? नगं." साहेब म्हणाले, "बसा मामा. माझ्यासाठी बसा." मामांनी हात सदऱ्याला पुसले आणि कडेवर कसंबसं टेकले. उठले. काही नाही. "तसं नाही, मागे रेलून, आरामात." मामा रेलले. टेरिकॉटचा गणवेश, खुर्चीचं गुळगुळीत कापड. अर्धा मिनिट सगळे गप्प. "उठा." मामा उठले आणि पडदा काळा!

साहेबांनी टेबलावर थाप मारली. कॅशियरकडे वळून म्हणाले, "काय हो, आता मामांचाही पायगुण वाईट का?"

त्यानंतर माळ्यावरची वेताची खुर्ची खाली आली. साहेबांनी तिच्यात वीस उठाबशा काढल्या. मोजून वीस. पडदा जागचा हलला नाही.

यात भुताटकी काही नाही. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच वीज. कपडा आणि खुर्ची घासून ती साठते. तुम्ही उठलात, की त्या खुर्चीच्या खालीवर होणाऱ्या दांड्यात, धातूच्या भागांमध्ये, डोळ्यांना न दिसणारी ठिणगी पडते. ठिणगी पडली की तिच्या लहरी पसरतात. तुम्ही मध्यम लहरींवर हा रेडिओ ऐकत असाल, तर वीज कडाडल्यावर किंवा कुणी ट्यूबलाइटचं बटण दाबल्यावर जी खर्रकन खरखर येते, ती याच जातीची. १८८७ साली जर्मनीत हाइनरिख हर्ट्झनं ठिणगी पाडूनच या लहरी खोलीच्या एका टोकाकडून दुसरीकडे पोचवल्या होत्या. आमच्या साहेबांची खुर्ची म्हणजे छोटं रेडिओ केंद्रच होतं म्हणा. आणि टेबलाखाली वेटोळं करून ठेवलेली पाच मीटरची स्वस्तातली एचडीएमआय वायर म्हणजे त्या केंद्राची एरियल. तिनं ती खरखर झेलली की मॉनिटरचा धागा तुटायचा. तो पुन्हा जुळवायला त्याला दोन-तीन सेकंद लागायचे. असा त्रास इतर देशांतल्या ऑफिसांतूनही नोंदला गेलाय. हवा दमट असती तर ही वीज इतकी साठलीच नसती. म्हणूनच सगळं हिवाळ्यात.

मी आखूड, जाड, आतून नीट जाळी असलेली वायर लावली. तिच्या टोकाशी एक काळा गोळा असतो, तो अशा खरखरीला अडवतो. एसएमपीएसचे पैसे परत केले. खुर्ची चेअरमनच्या खोलीत गेली, तिथे कॉम्प्युटर नाही. लिंबू-मिरची मात्र कपाटालाच राहिली. काढायला कुणी धजेना.

काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवतायत, म्हणजे दोन मिनिटं. तिसरं प्रकरण राहिलं. दिवा निळा आहे आणि पडदा काळा. खोलीत अंधार करा, टॉर्च तिरपी धरून पडद्यावर मारा. आत पुसटसं चित्र दिसलं, तर चित्र येतंय, पण मागचा उजेड गेलाय. ते काम दुकानातलं, स्वतः मॉनिटर उघडू नका. आणि अडगळीतला जुना, पोटवाला मॉनिटर तर बिलकुल नाही. त्याच्या काचेच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात आणि वायर काढल्यावरही आत वीज साठून राहते.

टॉर्चनंही काही दिसलं नाही, तर कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर डबा जागा आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून बघा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट, बी. कधी कधी तेवढ्यानं चित्र परत येतं.

कॅप्स लॉकही मेला असेल तर भिंतीतून पिन काढा, डब्याचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, डबा उघडा, आधी त्याच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे खुर्चीतली ती वीज अंगावरून निघून जाईल. मग रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या चालू कामाच्या स्मरणाची, पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबरानं हळू पुसा. भुगा खाचेत पाडू नका. पट्टी टक् आवाज येईपर्यंत दाबा आणि...

एक बोट. बरं, आवरतो. नमस्कार.