ग्वाल्हेरची आगबोट

नमस्कार, श्रोतेहो.

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना शिंद्यांचा जयविलास राजवाडा दाखवायला नेतो आणि तिथे सगळ्यात आधी दाखवतो ती चांदीची आगगाडी. जेवणाच्या टेबलावरच्या रुळांवरून फिरणारी, बसलेल्यांपुढे पेयं आणि सिगार नेणारी. मुलंच काय, मोठी माणसंही तिथून लवकर हलत नाहीत. पण आपल्या माधवराव शिंदे महाराजांची एक खरीखुरी आगबोटही होती, हे किती घरांत माहीत आहे?

मी इथल्या सागरी इतिहास मंडळाची चिटणीस. "ग्वाल्हेरात समुद्र कुठला हो?" हा प्रश्न मला बाड्यावर भाजी घेतानासुद्धा विचारला जातो. तेव्हा मी या आगबोटीची गोष्ट सांगते.

इंग्लंडमधल्या बॅरो इथे 1891 साली ती बांधून झाली. नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनडातलं व्हँकुव्हर ते हाँगकाँग अशा तिच्या फेऱ्या चालत. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि 1914 च्या डिसेंबरात महाराजांनी ती विकत घेतली. जखमी हिंदी सैनिकांसाठी तिच्यावर इस्पितळ उभं केलं आणि तिचं नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि मुंबईचे नरोत्तम मोरारजी यांनी सोबत्यांसह ती घेतली आणि जहाज कंपनी काढली. आगबोट शिंद्यांकडून आलेली, म्हणून कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. त्याच तारखेला 1964 पासून आपला देश राष्ट्रीय सागरी दिन पाळतो.

इथे 'पहिली भारतीय जहाज कंपनी' असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. तुतिकोरिनला चिदंबरम पिल्लईंनी 1906 मध्येच स्वदेशी आगबोट कंपनी काढली होती, आणि त्यापायी फार सोसलं. सिंदियालाही सोपं गेलं नाही. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की नव्या माणसानं टिकूच नये. 'लॉयल्टी' स्वतः 1923 मध्ये मोडीत निघाली. कंपनी मात्र टिकली, आणि 1948 साली तिच्याच विशाखापट्टणच्या गोदीत बांधलेली 'जलउषा' पाण्यात उतरली. ग्वाल्हेरहून गेलेलं नाव तोवर तिथे होतं. मला ही गोष्ट कितीदाही सांगायला आवडते.

आता मंडळाकडे येते.

गेल्या पावसाळ्यात माधवगंजातल्या एक आजी आमच्या रविवारच्या बैठकीला आल्या. हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक पुस्तक. त्यांचे सासरे तरुणपणी जहाजावर नोकरीला होते, त्यांचं ते नोकरीचं पुस्तक. घर आवरताना रद्दीवाल्याच्या तराजूतून आजींनी ते परत उचललं होतं. कापडी बांधणी, कोपरे वाळवीनं खाल्लेले. आत रकाने. जहाजाचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, आणि शेवटी दोन-दोन गोल शिक्के. शाई फुटलेली. आमच्यात मोडी वाचणारे तिघं आहेत, पण भिंग लावूनही त्या शिक्क्यांचं आम्हाला काही कळेना.

ते सांगू शकतील असे एकच काका आमच्यात होते, व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत उभी हयात घालवलेले. होते, म्हणते, कारण नोंदवहीत त्यांच्या नावापुढे दोन वर्षांचे रकाने कोरे होते. दोन वर्षं त्यांची वर्गणी आली नव्हती, आणि दोन वर्षांत आम्ही कुणी त्यांना साधा फोन केला नव्हता. तो करायचं काम माझं होतं.

त्या रात्रीच केला. काका म्हणाले, "कुणी विचारलं नाही. वाटलं, आता आपलं तिथे काही काम नसेल."

पुढच्या रविवारी ते आले. चष्मा पुसला, पुस्तक खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. "हा कामातल्या तरबेजपणाचा शेरा. व्हेरी गुड. हा शेजारचा वागणुकीचा. तोही व्हेरी गुड." पान उलटलं, पुन्हा तेच. शेवटच्या पानापर्यंत तेच. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घरात कधी सांगितलं नाही हो त्यांनी."

श्रोतेहो, आमचे सभासद रागावून जात नाहीत. मार्च येतो, मुलांच्या परीक्षा असतात, हिशेबाची धावपळ असते, वर्गणी राहून जाते. मग एप्रिलमध्ये यायला संकोच वाटतो, आणि बघता बघता माणूस तुटतो. त्या काकांनंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एक, वर्गणी राहिली तर पंधरा दिवसांत फोन जातो, आणि त्यात पैशाआधी प्रकृतीची चौकशी असते. दोन, नूतनीकरणाच्या फॉर्मवर खाली एक ओळ वाढवली: 'आपल्याला काय वाचता येतं, काय ओळखता येतं?' मोडी, फारसी, पोर्तुगीज, तारेची कट्ट-कड भाषा, समुद्राचे नकाशे, दोरखंडाच्या गाठी, इंजिनाचे भाग, काहीही लिहा. एका वहिनींनी लिहिलं, 'मालवणच्या माहेरची मासेमारीची जाळी विणता येतात.' त्यांना आम्ही लगेच एका रविवारी बोलायला लावलं.

वर्गणी वर्षाला 300 रुपये. त्यातून खोलीचं भाडं, कागदांचं स्कॅनिंग आणि तिमाही पत्रकाची छपाई भागते, ओढाताणीनं का होईना. मुदत 31 मार्च. ज्यांची मागची दोन-चार वर्षं राहिली आहेत त्यांनी थकबाकीचा विचारही करू नये. फक्त या वर्षाचे भरा आणि या.

5 एप्रिलला संध्याकाळी 'लॉयल्टी'वर बैठक आहे. आजींनी ते पुस्तक टेबलावर ठेवायला कबूल केलंय, काकाही शेजारी बसणार आहेत. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत असं काही असेल तर घेऊन या. भिंगं आमच्याकडे आहेत.

नमस्कार.