तांब्याची चकती

कॅलिफोर्नियातलं मेन्लो पार्क. खाली रेघ मारल्यासारखी दिसतेय ती स्लॅक प्रयोगशाळेची तीन किलोमीटर लांबीची प्रवेगक इमारत; इलेक्ट्रॉनना वेग देणारं यंत्र इथं आहे. बातम्यांत कायम हीच झळकते. आपण मात्र दोन तृतीयांश वाट सोडून थेट एका भूमिगत खोलीत उतरू.

ही तांब्याची चकती, म्हणजे फोटोकॅथोड: प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा पृष्ठभाग. आरशासारखी घासलीय ती शोभेसाठी नव्हे. ओरखडा राहिला, तर तिथलं विद्युतक्षेत्र वाकडं होतं आणि इलेक्ट्रॉन निघतानाच आडवे जातात.

आता लेसर. तरंगलांबी 253 नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अतिनील. प्रत्येक फोटॉनजवळ 4.9 इलेक्ट्रॉन व्होल्ट. तांब्यातून सुटायला इलेक्ट्रॉनला लागतात साधारण साडेचार. वर उरतं, त्यातूनच त्याची आडवी धाव येते. इलेक्ट्रॉन किती जागेतून निघाले आणि किती पांगले, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे एमिटन्स. तो इथं बिघडला, की पुढचा अख्खा प्रवेगक फक्त वेग देतो, झोत सुधारत नाही.

फोटॉनची ऊर्जा उतरवली तर पांगणं घटतं, पण इलेक्ट्रॉनही घटतात. तांबं मुळातच चिक्कू: लाखभर फोटॉनमागे चार-दोन इलेक्ट्रॉन. तरी तेच निवडलं, कारण ते टिकतं. जास्त इलेक्ट्रॉन देणारे अर्धवाहक कॅथोड निर्वातात जराशी खोट आली तरी खराब होतात.

चकती कमी इलेक्ट्रॉन देऊ लागली की तिच्यावर हाच लेसर जास्त जोमानं फिरवून साफसफाई करतात. जोर थोडा जास्त झाला, की पृष्ठभाग खरवडला जातो आणि एमिटन्स वाढतो. म्हणून हे काम घाईत कुणी करत नाही.

सुटलेले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलू लागतात. त्याआधीच त्यांना पळवायचं: गनमध्ये, म्हणजे चकती बसवलेल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागात, मीटरमागे सुमारे 12 कोटी व्होल्ट, आणि बाहेर पडताना 60 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा. हे गोल वेटोळं सोलेनॉइडचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या विद्युतचुंबकाचं. पसरू पाहणाऱ्या झोताला ते पुन्हा आवळतं.

एप्रिल 2009 मध्ये याच झोतातून दीड अँगस्ट्रॉम (0.15 नॅनोमीटर) तरंगलांबीचे लेसर क्ष-किरण निघाले. त्यांनी पुढे प्रथिनांच्या रचना, रासायनिक क्रियांचे क्षण टिपले.

2023 मध्ये इथंच अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या धातूचं) प्रवेगक यंत्र सुरू झालं. सेकंदाला दहा लाखांपर्यंत स्पंद हवे असल्यानं तिथं सीझियम टेल्युराइडचा कॅथोड आहे. तांब्याची गन सेकंदाला 120 स्पंदांची.