खाडीतले रोहित आणि 60 एमबी

(दृश्य: ठाणे खाडी, ऐरोलीची बाजू. ओहोटी. चिखलावर रोहित पक्ष्यांचा थवा.)

ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडतो आणि रोहित चरायला उतरतात. त्यांचं हे मिनिटभराचं चित्रीकरण फुल एचडी आहे. एका फ्रेममध्ये 20,73,600 पिक्सेल. प्रत्येकाच्या रंगाला 3 बाइट धरले, तर एकच फ्रेम सहा एमबीच्या वर जाते. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे मिनिटाला नऊ जीबीहून जास्त. आपल्या हातातली फाइल मात्र 60 एमबीची आहे. मग बाकीचं गेलं कुठे?

बरंचसं पुन्हा पुन्हा लिहायची गरजच नव्हती. मागचा ऐरोलीचा पूल बघा. कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, पूल जागचा हलत नाही. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवणारी पद्धत, तो एकदा पूर्ण साठवतो आणि पुढे फक्त बदल तेवढा नोंदवतो.

जागा खातं ते पाणी. लाटेवरची चमक दर फ्रेमला नवी, मागच्या फ्रेमशी तिचा मेळ बसत नाही. त्यात थवा उडाला की शेकडो पंख एकदम हलतात. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरायची जागा, तेवढाच ठेवला तर चित्र नेमकं इथेच फुटतं.

(दृश्य: तोच क्षण, बिटरेट खूप कमी करून. एक पक्षी मोठा केलेला.)

पूल अजूनही ठीक दिसतोय. पण पिसं? त्यांच्या जागी गुलाबी चौकोन उरलेत. कोडेक फ्रेमचे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येकातला ठळक आकार व बारीक पोत वेगळे करतो. या पद्धतीचा पाया म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे गणिती रूपांतर. बंगळूरुमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत ते 1974 साली मांडलं. आज जगभरचा व्हिडिओ या कल्पनेवर चालतो, याचा मनापासून अभिमान वाटतो. जागा कमी पडली की आधी कात्री लागते ती बारीक पोताला.

चोचीचा लाल रंगही कडेला पसरलाय. आपला डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाची नोंद बहुतेक वेळा चार पिक्सेलमागे एकदाच होते.

2003 च्या एच.264 या कोडेकनंतर 2013 मध्ये एच.265 आलं. साधारण निम्म्या बिटरेटमध्ये ते जवळपास तसंच चित्र देतं, पण प्रोसेसरला जास्त राबवतं. गेलेली पिसं मात्र कोणताच कोडेक परत आणत नाही. दाबलेली फाइल वाढीव बिटरेटवर पुन्हा काढली, तर नुसती जागा वाढते.

पक्षी अभ्यासकांचं नुकसान इथेच होतं. ओळखीसाठी पायात घातलेल्या कड्यावरची अक्षरं वाचता आली तर तो पक्षी ओळखता येतो, आणि दाबलेल्या चित्रात आधी तीच पुसली जातात. असं चित्रीकरण पाठवायचं असेल तर अख्खं मिनिट दाबू नका. कडं दिसतं तेवढा दहा सेकंदांचा तुकडा मूळ दर्जातच कापा. आपली फाइल मिनिटाला 60 एमबी, म्हणजे सेकंदाला 1 एमबी किंवा 8 मेगाबिट. तुकडा 10 एमबीचा होईल, आणि अक्षरं वाचता येतील.