टाळी आपली, खाली कड्याची

श्रोतेहो, नमस्कार.

वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले आणि नंतर पुण्यात राहायला आलेले एक शिक्षक. आज त्यांच्याविषयी बोलायचंय. नाव सांगत नाही; गावात तरी कोण त्यांना नावानं ओळखत होतं? ‘शास्त्राचे सर’ एवढं पुरायचं. सर गेल्यावर जो तो म्हणाला, विज्ञान छान शिकवायचे, शिवाय तबला वाजवायचे, शिवाय डोंगर चढायचे. यातले दोन्ही ‘शिवाय’ खोडावे लागतील. सरांचा तबला आणि सरांचे डोंगर हीच त्यांची प्रयोगशाळा होती. शाळेतल्या कपाटात म्हणाल तर सेकंदाला ५१२ कंपनं देणारा एक नादकाटा, दोन भिंगं आणि बरीचशी धूळ.

त्यांचा सगळ्यात देखणा प्रयोग प्रतिध्वनीचा. पाठ्यपुस्तक सांगतं, प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरचा अडथळा साधारण १७ मीटर तरी लांब हवा. पोरं पाठ करतात आणि विसरतात. सर वर्गाला कातळकड्यासमोर उभं करत आणि कडा किती लांब आहे ते न चालता सांगा म्हणत.

एक टाळी वाजवून घड्याळ लावलं तर फसगत होते. शंभर मीटरवरून आवाज परत यायला जेमतेम पाऊण सेकंदाहून कमी वेळ लागतो, आणि आपला अंगठा बटणावर पडेपर्यंतच त्यातला मोठा हिस्सा निघून जातो. म्हणून एक टाळी न वाजवता टाळ्यांची लय धरायची. लय अशी, की परत आलेला आवाज दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पडावा. सरांच्या हिशेबात टाळी आपण द्यायची, खाली, म्हणजे तालातली बिनटाळीची जागा, कड्यानं द्यायची. प्रतिध्वनी पुढच्या टाळीवरच पाडला तर तो आपल्याच आवाजाखाली दबतो, तेव्हा मध्येच हवा.

लय बसली की सोळा मात्रांचा तीनताल मोजायला घ्यायचा, टाळीगणिक एक मात्रा. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, घड्याळ सुरू करायचं, दोन आवर्तनं पुरी करून तिसऱ्या समेवर बंद. इथं तालाचा खरा उपयोग होतो. नुसत्या ३२ टाळ्या मोजणारा मुलगा पहिल्या टाळीला ‘एक’ म्हणतो आणि बत्तिसाव्या टाळीला थांबतो. त्याच्या टाळ्या ३२, पण मधली अंतरं ३१. शंभर मीटरला उत्तर तीन मीटरनं चुकतं. तालात वाढलेलं पोर मात्र समेवर आल्याशिवाय थांबतच नाही, त्यामुळे त्याची ३२ अंतरं आपोआप पुरी होतात.

आकडे घालून बघू. दोन आवर्तनांना ३८.४ सेकंद लागले. भागिले ३२, म्हणजे एका मात्रेला १.२ सेकंद. प्रतिध्वनी मध्यावर पडतो, म्हणजे आवाजाची जा-ये ०.६ सेकंदांची. हवेचं तापमान २४ अंश असेल तर आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर. गुणाकार केला की येतात २०७.६ मीटर, त्याचं निम्मं १०४. कडा १०४ मीटरवर. मग दोरी टाकून पडताळा घ्यायचा. तापमान एक अंशानं वाढलं की वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरनं वाढतो, तेव्हा तापमापक बरोबर हवाच, आणि तो सावलीत धरायचा.

अंतर ६० ते १२० मीटरच्या दरम्यान बरं पडतं. ३० मीटरवर उभं राहिलात तर सेकंदाला जवळजवळ तीन टाळ्या पडतात, मध्याचा अंदाज येत नाही. १५० मीटरवर लय इतकी विलंबित होते की पोरं ती धरू शकत नाहीत, पुढे पळतात. तळहाताची टाळीही तिथून क्षीण परत येते. दोन सागवानी पट्ट्या एकमेकींवर आपटलेल्या बऱ्या. ढोलकी नको, तिचा आवाज रेंगाळतो आणि प्रतिध्वनीची कड बोथट होते. जुन्या दगडखाणीत, जशी आपल्या वेताळ टेकडीवर आहे, भिंती एकीपेक्षा जास्त बाजूंना असतात. तिथं दोन-तीन प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. समोर एकच सरळ कडा असलेली जागा शोधावी.

आणि कड्याकडे आधी नीट बघून घ्यावं. सह्याद्रीच्या कातळाला आग्या मोहोळ लटकलेलं असतं. ते दिसलं तर प्रयोग तिथं करायचाच नाही, गुपचूप मागे फिरायचं. या एका बाबतीत सर कुणाचं ऐकून घेत नसत.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, बहुतेक शाळांत प्रकाशाच्या विकिरणावर भाषणं होतात. सर टेबलावर तबला ठेवत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०मध्येच भारतीय तालवाद्यांवर ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलं होतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. सगळीकडे सारख्या जाडीचं चामडं ताणलं तर मूळ स्वरावरचे उपस्वर १.५९ पट, २.१४ पट असे आडवेतिडवे येतात, म्हणून नुसता धप्प आवाज होतो. तबल्याची शाई, म्हणजे मधला काळा गोल, चामड्याला मधोमध जड करते आणि उपस्वर दुप्पट, तिप्पट अशा सरळ पटींच्या जवळ येतात. त्यामुळेच तबला सुरात लावता येतो. शाईचा टवका उडालेली जुनी पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, शेजारी वाजवून दाखवली की फळ्यावर काही लिहावं लागत नाही. पावसाळ्यात पुडी दमट होऊन उतरते, ते वेगळं. तिथं दोष शाईचा नसतो, गट्टे ठोकून घ्यावेत.

घरी करता येईल असा प्रयोग पाईपचा. एक इंची पीव्हीसी पाईप, ७० सेंटिमीटर लांब. बादली पुरत नाही, पाण्यानं काठोकाठ भरलेला उभा पिंप घ्या. नादकाटा चपलेच्या रबरी टाचेवर हलकेच मारा. टेबलाच्या कडेवर मारलात तर भलतेच कर्कश उपस्वर निघतात. काटा पाईपच्या तोंडावर, कडेला न टेकवता, आडवा धरा आणि पाईप सावकाश वर घ्या. पाण्यावर सुमारे १६ सेंटिमीटर आल्यावर पाईप एकदम घुमतो. तिथं खूण करा. आणखी वर न्या, ५०च्या आसपास पुन्हा घुमेल. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. त्याची दुप्पट गुणिले ५१२, हा आवाजाचा वेग. एकाच खुणेवरून हिशेब केला तर उत्तर कमी येतं, कारण पाईपच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही कंप पावत असते. इथं ती पाऊण सेंटिमीटरची असते.

काट्याऐवजी पेटी वाजवून बघण्याचा मोह होईल. पेटीच्या एका सुरात अनेक उपस्वर भरलेले असतात, त्यामुळे पाईप नको त्या लांबीलाही घुमतो आणि खरी खूण कळत नाही. पेटी गाण्यासाठी राहू द्या.

हाच प्रयोग डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना आणि मेच्या दुपारी ३८ अंशांना केलात तर मेमध्ये पहिली खूण पाऊण सेंटिमीटरभर जास्त लांबीवर पडलेली दिसेल. मात्र पिंप तासभर आधी भरून ठेवा. मे महिन्यात ताजं गार पाणी ओतलंत तर पाईपमधली हवाही गार पडते आणि खूण पुरती सरकत नाही.

नमस्कार.