आजोबांचं नेट गेलं का?

(परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर करून)

मंडळी, नमस्कार. जेवणाआधीची दहा मिनिटं मला दिली आहेत आणि स्वयंपाकघरातून तर्रीचा वास येऊन राहिला आहे. स्पर्धा कुणाशी आहे ते मला कळतं.

शाळेत आपल्याला गोष्टी सांगणारे गुरुजी गेल्याचं कळलं त्या रात्री घरात त्यांचं रेकॉर्डिंग लावलं होतं. म्हातारी आणि भोपळा. कोल्हा होऊन गेला, झुडूप हललं, "म्हातारीनं वळून पाहिलं, तर..." आणि गुरुजी थांबले. आठ वर्षांच्या लेकीनं टॅबवर दोनदा बोट आपटलं. "आजोबांचं नेट गेलं का?"

नेट कुठेच गेलं नव्हतं. गुरुजी तीन श्वास मोजत होते.

नागपूरच्या महाल भागातली ती शाळा, शनिवारची सकाळ आणि गोष्टीचा शेवटचा तास इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. पण त्या तासामागे केवढी तयारी असायची, ते तेव्हा आपल्याला दिसलं नाही. आपल्याला वाटायचं, गुरुजींना येतंच. पोट्ट्यांना बाकांवरून उठवून ते खाली अर्धगोलात बसवायचे. खिडकी कायम मुलांच्या पाठीमागे. खिडकी सांगणाऱ्याच्या मागे असली की चेहरा काळा पडतो, डोळे दिसत नाहीत, आणि डोळे दिसले नाहीत की पाचव्या मिनिटाला चिमटे सुरू. वर्गात गोंगाट वाढला की ते आवाज खाली आणायचे. आपण वर चढवतो, मग वर्गही चढतो.

गोष्ट त्यांनी कधी पाठ केली नाही. पोस्टकार्डावर पाच खुंट्या असायच्या: म्हातारी निघाली, कोल्हा, वाघ, लेकीचं घर, भोपळा. मधलं सगळं तोंडाला येईल तसं. पाठ मात्र दोनच गोष्टी, पहिलं वाक्य आणि पालुपद. सगळं पाठ केलं तर मधेच एखादा "गुरुजी, वाघ दात घासतो का?" विचारतो आणि गाडी रुळावरून उतरते. खुंटी असली की त्याला उत्तर देऊन परत येता येतं. पालुपदाचा मात्र एक शब्द हलवायचा नाही. "लठ्ठ होईन" म्हटलं की शेवटपर्यंत "लठ्ठ होईन"च. पहिल्यांदा ते एकटे म्हणायचे, दुसऱ्यांदा शेवटचा शब्द गिळायचे, तिसऱ्यांदा नुसती मान हलवायचे आणि अख्खा वर्ग म्हणायचा. आपण दुसऱ्या वेळी "जाडजूड होईन" करून बसतो, मुलं चूक काढतात, आणि उरलेली गोष्ट तपासणीत जाते.

आणि तो विराम. तो घटनेच्या आधी असतो, नंतर नाही. वाघ दिसायच्या आधी थांबायचं, दिसल्यावर थांबून काय उपयोग? तीन श्वास, आणि नजर एकाच मुलावर, बहुधा सगळ्यात द्वाड पोट्ट्यावर. आपण एका श्वासातच घाबरतो आणि "सांगा बरं, आता काय झालं असेल?" असं विचारतो. झाला तोंडी परीक्षेचा तास.

गुरुजींचा वाघ पुणेरी बोलायचा, आठवतं? "आजीबाई, मी आपणांस भक्षण करणार आहे." आणि म्हातारी आपली: "काहून बे, मले काहून खाऊन राहिला? निस्ती हाडं हायेत!" हसू नका. आपल्या रविवारच्या मराठी वर्गात आपण मुलांना वाघाची मराठी शिकवतो आहोत. "मला पाणी हवे आहे." व्याकरण चोख. भारतात गेल्यावर ती आजीशी वाघासारखी बोलतात, आणि आजी कौतुकानं हसते. बोलणं मात्र तेवढ्यावरच संपतं.

काऊ-चिऊची गोष्ट आपण आजीची समजतो. ती लीळाचरित्रात आहे, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, त्यांच्याच तोंडी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला त्या आठवणी लिहून काढल्या, म्हणजे आपल्या विदर्भातच. तिथे चिऊ नाही, साळई नावाचं पाखरू आहे: काउळ्याचं घर शेणाचं, साळईचं मेणाचं. महानुभावांच्या पोथ्या पुढे सांकेतिक लिपीत गेल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्यांना वाचता येत नव्हत्या. तरी घरोघरी शेणाचं घर पावसात वाहून जातच होतं. पोथीवाचून, तोंडातोंडी. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आपल्या गटावर दिवसभर पेढ्यांची चित्रं फिरली. त्या रात्री किती घरांत गोष्ट सांगितली गेली, ते मी विचारत नाही. आपल्या सगळ्यांचीच सकाळची मीटिंग असते.

तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याचं, सांगायलाच हवं. लाकडी नंदी ओढत पोट्टे त्यांच्या दारी जायचे, पण बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, फुकट मिळायचा नाही. प्रत्येकानं चालू गोष्टीत एक वाक्य घालायचं, मग नाणं. नियम दोन. "अचानक" म्हणायचं नाही आणि कुणाला मारायचं नाही. दुसरा नियम अनुभवातून आला होता. त्याआधी चौथा-पाचवा पोट्टा सगळ्यांना मारून मोकळा व्हायचा आणि मागे रांगेत वीस नंदी ताटकळत उभे. दुपारी मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीतून घसा बसवून आलेले मोठेही मग ओसरीवर टेकून ऐकायचे.

आता आपलं पाप. निवृत्तीनंतर आपण गुरुजींना व्हिडिओ कॉलवर बोलावलं, पाच गोष्टींसाठी. गोंगाट नको म्हणून मुलांचे माइक बंद केले. पालुपदाला गुरुजींनी मान हलवली, समोरून काहीच नाही. पुढच्या वेळी माइक सुरू ठेवले, तर प्रत्येक घराचा आवाज वेगळ्या क्षणाला पोचला आणि "लठ्ठ होईन"चा चिवडा झाला. ते कुजबुजले की यंत्र तो आवाज गोंगाट समजून कापायचं. गुरुजींनी तक्रार केली नाही. आवाज थोडा मोठा केला, एवढंच, आणि तो त्यांचा नव्हता.

त्यानंतर आपल्यातल्याच उत्साही लोकांनी संकेतस्थळासाठी संपादन केलं. लोक फार वेळ ऐकत नाहीत म्हणून "रिकाम्या जागा" कापल्या. एकोणीस मिनिटांची गोष्ट अकरा मिनिटांत आली आणि आपण एकमेकांची पाठ थोपटली. शब्द एकही गेलेला नाही. वाघ येतो, कोल्हा येतो, भोपळा येतो, सगळे नागपूर स्टेशनवर गाडी सुटत असल्यासारखे.

लेकीनं गुरुजी ऐकले ते असेच, अकरा मिनिटांचे. त्या रात्री लागलं ते भोपळ्याचं मूळ रेकॉर्डिंग, एका जुन्या फोनवर राहून गेलेलं. त्यात ते थांबले आणि तिला ते बिघाड वाटलं. तिचं काय चुकलं? गेले आठ दिवस मी स्वतः थांबून बघते आहे. दुसऱ्या श्वासाला ती म्हणते, "आई, विसरलीस का?" तिसरा श्वास अजून जमलेला नाही. मला जमत नाही की तिला सोसत नाही, तेही ठरत नाही.

बाकी चार गोष्टींची मूळ रेकॉर्डिंगं सापडत नाहीत. आज घरी गेल्यावर जुने फोन, बंद पडलेले लॅपटॉप उघडून बघा. ओळखायला सोपं आहे: प्राणी पुणेरी बोलतात, माणसं नागपुरी, आणि मधे एका ठिकाणी नेट गेल्यासारखं वाटतं. तिथे बोट आपटू नका.